काय ठेवायचं, काय सोडायचं: पुण्यातल्या एका बँडची दोन प्रॉग रॉक कव्हर

पार्श्वभूमी

पुण्यातला पाच जणांचा हा बँड. बेसवाला चाळिशी ओलांडलेला, बाकीचे त्याला ‘दादा’ म्हणतात. ड्रमर अजून कॉलेजात आहे. गिटारवाला आणि कीबोर्डवाला दोघंही आयटीतले. गायिका लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली, रॉककडे उशिरा वळलेली. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांच्या तालमींना आणि दोन्ही कार्यक्रमांना साउंडच्या बाजूने हजर होतो, त्यामुळे वाद मिक्सरमागून ऐकायला मिळाले.

बँडची स्वतःची चार-पाच गाणी आहेत, पण बोलावणी येतात ती कव्हरसाठी, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवण्यासाठी. एका मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमात त्यांना पंचेचाळीस मिनिटं मिळाली. आयोजकांचं म्हणणं साधं होतं: “तुमचं एखाददुसरं वाजवा, पण लोकांना माहीत असलेलं काहीतरी हवं.” यादी ठरली ती अशी: जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’, बँडची स्वतःची दोन गाणी, पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ आणि शेवटी जेनेसिसचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’.

‘मनी’ आणि ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ दोन्ही १९७३ची. ‘मनी’ निदान कानावरून गेलेलं असतं. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ आपल्याकडे ऐकणारे मोजके, पण जे ऐकतात त्यांना त्यातला प्रत्येक सूर पाठ असतो. अशा श्रोत्यांसमोर कव्हर वाजवणं म्हणजे काय, हे बँडला पुढे कळलंच.

अडचण

प्रॉग रॉक म्हणजे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’, लांब आणि गुंतागुंतीच्या तालांचं. त्याचं कव्हर बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. गाण्याचा सांगाडा कुठला आणि त्यावरचा साज कुठला, हे आधी ठरलेलं नसतं. साध्या पॉप गाण्यात चाल आणि शब्द सांभाळले की बाकी काहीही केलं तरी गाणं ओळखू येतं. इथे तसं नसतं. ‘मनी’मधून सात मात्रा काढल्या तर उरतं ते एक बरंसं ब्लूज गाणं. उलट नाण्यांचा खणखणाट काढला तरी गाणं शाबूत राहतं, फक्त सुरुवात ओळखायला लोकांना दोन सेकंद जास्त लागतात.

हौशी बँड नेमकं उलट करतात. आवाज हुबेहूब यावा म्हणून महिनोन् महिने कीबोर्डचे पॅच, म्हणजे तयार आवाज, शोधतात आणि गाण्यातला ताण मात्र हातातून सुटतो. नवरदेवापेक्षा घोड्याचीच सजावट जास्त.

या बँडपुढे ठोस प्रश्न तीन होते. सॅक्सोफोन वाजवणारं कोणी नाही, आणि ‘मनी’त डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन सोलो महत्त्वाचा. गायिकेचा आवाज मूळ पट्टीत बसत नाही. आणि ‘फर्थ ऑफ फिफ्थ’च्या सुरुवातीला जेनेसिसचे कीबोर्डवादक टोनी बँक्स यांचा एकट्या पियानोचा साधारण एका मिनिटाचा तुकडा आहे, ज्यात सोळांश, म्हणजे पाव मात्रेच्या, स्वरांचे तेरा-तेरा, पंधरा-पंधरा असे विषम गट येतात. कीबोर्डवाल्याने तो तुकडा वाजवायचाच असा हट्ट धरला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हुबेहूब नकलेचा. यात कमीपणा काही नाही. १९८८मध्ये अॅडलेडमध्ये सुरू झालेला ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ हेच करतो, आणि पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला खुद्द त्यांच्यासमोर वाजवून आला. मॉन्ट्रिअलचा ‘द म्युझिकल बॉक्स’ जेनेसिसचे सत्तरच्या दशकातले प्रयोग पोशाखांसकट उभे करतो. ड्रीम थिएटर या बँडने २००५मध्ये पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अख्खा रंगमंचावर वाजवला. पण हे सगळं पूर्णवेळ काम आहे. आठवड्यातून दोनदा जॅमरूम भाड्याने घेणाऱ्या पाच जणांचं नाही.

दुसरा पर्याय गाणं पार उलटंपालटं करण्याचा. सिझर सिस्टर्स या अमेरिकन बँडने २००४मध्ये पिंक फ्लॉइडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ डिस्कोवर बसवलं, वरच्या पोकळ आवाजात गाऊन. अनेक फ्लॉइडभक्तांना ते सहन झालं नाही. माझ्या मते ते चांगलं कव्हर आहे, कारण त्यांनी ठरवून एका टोकाला जायचं धाडस केलं आणि मध्येच कच खाल्ली नाही. ‘ईझी स्टार ऑल-स्टार्स’ने २००३मध्ये केलेला ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा रेगे अवतारही त्याच जातीचा. आणि प्रॉग स्वतःच अशा उलटापालटीतून उभा राहिला हेही विसरता येत नाही. यस या बँडने सायमन आणि गारफंकल यांचं ‘अमेरिका’ हे साडेतीन मिनिटांचं गाणं दहा मिनिटांच्या वर नेलं, आणि इमर्सन, लेक अँड पामरने रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या पियानोमालेतले निवडक तुकडे रॉकवर बसवले. त्यांना कोणी ‘मूळ तसंच ठेवा’ म्हटलं नव्हतं.

गायिकेने तिसरा मार्ग सुचवला. सॅक्सोफोनच्या जागी सरगम, ‘लिव्हिंग इन द पास्ट’मध्ये पाश्चात्य बासरीच्या जागी आपली बासरी आणि ‘मनी’ला रूपक ताल. एका तालमीत हे करूनही पाहिलं. सरगमवर जॅमरूममध्ये बसलेल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. दादाला तेच खटकलं. “टाळ्या तुझ्या तानेला पडल्या गं, गाण्याला नाही,” तो म्हणाला. गायिका थोडी दुखावली, पण मुद्दा तिला पटला. दुसऱ्या आठवड्यात सरगम तिनेच काढून टाकली.

रूपकचा किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. सात मात्रा म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, हे तर आपलंच. गायिकेने मोबाइलवर रूपकचा ठेका लावला आणि बेसवर ‘मनी’ची ओळ सुरू झाली. मात्रा जुळल्या, तरी काहीतरी भलतंच ऐकू येत होतं. रूपकात समेवरच खाली असते: ती ती ना, धी ना, धी ना. वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर पडतं. ‘मनी’ची बेसलाइन पहिल्याच मात्रेवर सगळ्यात जड पाय टाकते आणि पुढे झुलत्या चालीने जाते. आकडा सारखा असला तरी वजन विरुद्ध ठिकाणी होतं. ड्रमर तबला शिकलेला नाही. तो म्हणाला, “ताई, हे ऐकताना मला सारखं वाटतंय की मीच चुकतोय.” रूपक तिथेच थांबलं.

काय ठरलं आणि कसं केलं

शेवटी ठरलं ते असं: ‘मनी’ बदलायचं आणि ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ जसंच्या तसं वाजवायचं. मला हा निर्णय अर्धा बरोबर वाटला.

‘मनी’ची मूळ पट्टी बी मायनर, म्हणजे गायिकेच्या भाषेत पांढरी सात. तिने चौथ्या स्वरावर, पांढरी तीनवर, सरकवायला सांगितलं. बेसला हे फारच मानवलं, कारण ई म्हणजे बेसची सगळ्यात जाड मोकळी तार. तीच ओळ आता जमीन हलवायला लागली. पण फटका बसला गिटारवाल्याला. मूळ सोलो शेवटाकडे मानेच्या अगदी टोकापर्यंत चढतो, आणि गिल्मर यांनी तो वरचा भाग २४ फ्रेटच्या (मानेवरच्या पडद्यांच्या) गिटारवर वाजवला होता. आता सगळं पाच फ्रेटनी वर गेलं तर याच्या २२ फ्रेटच्या गिटारवर तेवढी जागाच उरत नाही. खालच्या सप्तकात घेतलं तर सोलोची सगळी धार जाते. दोन तालमी तो खालच्या सप्तकात झगडला. तिसऱ्या वेळी त्याने मूळ सोलो सोडून दिला आणि पहिल्या दोन ओळींची आठवण राहील एवढंच ठेवून बाकी स्वतःचं बसवलं. कव्हरमध्ये बँडचं स्वतःचं म्हणण्यासारखं काही असेल तर ते हेच, आणि ते कोणाच्या कल्पकतेतून आलं नाही. गायिकेच्या पट्टीमुळे नाइलाजाने आलं.

मग गिटारवाल्याला दुसरी लहर आली. मूळ गाण्यात सॅक्सोफोन सात मात्रांत वाजतो आणि गिटार सोलो चारांत. “आपण सोलोही सातातच करू,” तो म्हणाला, “अवघड करून दाखवू.” वाजवून पाहिलं. जमलंही. पण ऐकताना दम लागत होता. सातातून चारात उतरणं हा त्या गाण्यातला सुटकेचा क्षण आहे. तोवरचा सगळा ताण त्या एका वळणासाठी जमवलेला असतो. दादाने त्याला एवढंच विचारलं, “अवघड कोणासाठी रे? तुझ्यासाठी की त्यांच्यासाठी?” सोलो चारावर परत आला. माझ्या दृष्टीने अख्ख्या तयारीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

सॅक्सोफोनच्या जागी काहीच घातलं नाही. तेवढा वेळ फक्त बेस आणि ड्रम, आणि सात मात्रांची ओळ उघडी.

सुरुवातीच्या आवाजांचं काय? मूळ गाण्यात नाणी, कागद फाडणं, गल्ल्याचं यंत्र अशा सात आवाजांची टेप मोजून कापून, जोडून तिचं चक्र केलं होतं, एकेका मात्रेला एकेक आवाज. ड्रमरने स्टीलच्या ताटात चिल्लर टाकली, नोटा मोजण्याच्या यंत्राची फडफड मोबाइलवर टिपली, आणि सातव्या मात्रेवर किराणा दुकानातल्या क्यूआर कोडच्या डबीचा पैसे जमा झाल्याचा टुणटुण आवाज लावला. मैदानावर हशा पिकला. मला ते आवडलं, कारण विनोद असला तरी बरोबर मात्रेवर होता.

‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची कहाणी वेगळी. त्याच्या बहुतेक तालमी त्या एका मिनिटाच्या पियानोने खाल्ल्या. कीबोर्डवाला मेहनती, नोटेशन घेऊन बसायचा, मेट्रोनोम हळू करत करत एकेक माप पक्कं करायचा. त्याचं कौतुकच आहे. पण त्या काळात बाकीचे चौघे चहा प्यायला बाहेर असायचे. या गाण्याचा खरा कळस पुढे आहे. मध्यावर जेनेसिसचे गायक पीटर गेब्रिएल यांच्या बासरीवर एक सूरावट येते, मग पियानोचा सुरुवातीचा विषय सिंथेसायझरवर पूर्ण बँडसह परत येतो, आणि नंतर स्टीव्ह हॅकेट यांची गिटार बासरीचीच ती सूरावट सुमारे तीन मिनिटं लांबवते, एकेक स्वर धरून. त्या तीन मिनिटांसाठी लोक हे गाणं ऐकतात. जेनेसिसनेच पुढे मंचावर पियानोचा तुकडा गाळला होता. १९७७च्या ‘सेकंड्स आउट’ या लाइव्ह अल्बमवर गाणं थेट गायनाने सुरू होतं. दादाने हे तालमीत सांगितलं. कीबोर्डवाल्याचं उत्तर तयार होतं: “त्यांनी गाळला म्हणून आपणही गाळायचा?” त्यावर कोणी पुढे बोललं नाही, आणि पियानो राहिला.

कार्यक्रमाची संध्याकाळ

आधीचा बँड लांबला. मोकळ्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यात चालढकल नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी सुरू होणारे हे लोक नऊ चोवीसला मंचावर चढले. बाजूला उभ्याउभ्या निर्णय झाला: ‘लिव्हिंग इन द पास्ट’ गाळायचं. हे ठीक होतं, बासरीचा प्रश्न तसाही नीट सुटला नव्हता.

‘मनी’ने मैदान धरलं. मिक्सरजवळ उभं राहून मी लोकांच्या टाळ्या पाहत होतो. सात मात्रांत एकाआड एक टाळी द्यायला गेलं की पहिल्या आवर्तनात ती दोन, चार, सहावर पडते, आणि पुढच्यात एक, तीन, पाच, सातवर. त्यामुळे पुढच्या रांगेतला एक मुलगा सारखा थबकायचा, हात हवेत तसेच ठेवून शेजाऱ्याकडे बघायचा. चारात उतरल्याबरोबर सगळ्यांच्या टाळ्या एका जागी आल्या आणि गिटार सुरू झाली. गर्दीतल्या कोणालाही ताल न शिकवता त्यांना सातातला फरक समजला होता.

नऊ अठ्ठेचाळीसला ‘मनी’ संपलं. बारा मिनिटं हातात, आणि ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ मूळ रेकॉर्डिंगवर साडेनऊ मिनिटांचं. इथे दुसऱ्यांदा निर्णयाची वेळ आली होती. दादा कीबोर्डवाल्याकडे वळून म्हणाला, “गायनापासून घे.” त्याने मान हलवली, नकारार्थी. एकट्या पियानोने सुरुवात करायची तर त्याचा आवाज मैदानात नीट जातोय का ते बघणं आलं. आधीच्या बँडने चॅनेल वेगळे लावले होते, डावीकडून पियानो येतच नव्हता. ते सापडेपर्यंत तीन मिनिटं गेली. नऊ एक्कावन्नला पियानो सुरू झाला, लोक एव्हाना पाण्याच्या बाटल्या शोधत होते. एका विषम मापात हात सटकला. सावरला तो पटकन, पण ज्यांना गाणं पाठ होतं ते चार-सहा जण कोपऱ्यात एकमेकांकडे बघून हसले.

गिटार सोलो सुरू झाला तेव्हा नऊ सत्तावन्न झाले होते. अठ्ठावन्नला आयोजकांचा माणूस मंचाच्या पायरीशी येऊन टॉर्च हलवायला लागला. गिटारवाल्याने सोलो मध्येच सोडला, बँड धडपडत शेवटच्या कडव्यावर आला आणि दहाच्या आत संपवलं. गाणं पूर्ण झालं, पण ज्यासाठी वाजवलं तोच भाग अर्धवट राहिला.

पियानो गाळला असता तर चार मिनिटं वाचली असती आणि सोलो अख्खा झाला असता. हिशेब सरळ आहे.

नंतर

दोन महिन्यांनी बंद सभागृहात, छोट्या गर्दीपुढे, तेच गाणं पियानोशिवाय वाजलं. सोलो पूर्ण. त्या वेळी सभागृहात कोणी मोबाइल काढला नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. तरी कीबोर्डवाल्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सुरुवातीचा तुकडा ऐकलेलाच नसला तर मध्यावर सिंथेसायझर येतो तेव्हा तो ‘परत’ आला असं वाटत नाही, नुसताच येतो. जेनेसिसचे श्रोते तो रेकॉर्डवर ऐकून आलेले असत. पुण्याच्या सभागृहात तसं गृहीत धरता येत नाही.

‘मनी’चं रेकॉर्डिंग प्रसिद्ध करायची सगळ्यांची इच्छा होती, आणि इथे वेगळाच पेच निघाला. मंचावर वाजवण्याचा परवाना आयोजकांनी घेतलेला असतो, बँडला त्यात फारसं बघावं लागत नाही. रेकॉर्डिंगचं तसं नाही. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं उलटली की ठरावीक मानधन भरून कव्हर करता येतं, पण वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं, आणि मालकाच्या संमतीशिवाय तांत्रिक गरजेपलीकडे रचनेत बदल करता येत नाही. म्हणजे हुबेहूब नकलेला कायद्याची वाट आहे, आणि नव्याने विचार केलेल्या कव्हरला मालकाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. पट्टी बदलणं कदाचित चालून जाईल, सॅक्सोफोन काढून सोलो नवा बसवणं चालेल का, यावर बँडमधल्या कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. गिटारवाल्याला ध्रुवपद मराठीत करायचं होतं, तो बेत तर तिथेच बारगळला, कारण भाषांतराचा हक्क मालकाचाच.

ड्रमरने तालमीतला एक मिनिटाचा तुकडा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. आपोआप हक्काचा दावा आला, जाहिरातीचं उत्पन्न मालकाकडे वळलं, व्हिडिओ मात्र राहिला. “पैशांच्या गाण्याचे पैसेही त्यांनाच,” असं तो चिडून म्हणाला, मग स्वतःच हसला. पूर्ण रेकॉर्डिंगसाठी प्रकाशकांना पत्र गेलंय, उत्तर अजून यायचंय.

वेगळं काय करता आलं असतं

कापाकापीचा क्रम आधीच कागदावर हवा होता. मंचाच्या कडेला, आधीचा बँड वाजत असताना, कोणीही शांत डोक्याने ठरवू शकत नाही. पंचेचाळीस मिनिटांची एक यादी आणि तीस मिनिटांची एक, दोन्ही तालमीत वाजवून झालेल्या, एवढं पुरलं असतं. मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमाला तर हे हवंच.

पियानोचा वाद ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ एवढ्यावरच अडकला, हे मला सगळ्यात खटकलं. मधला रस्ता होता. तो विषय बँडच्या स्वतःच्या एखाद्या गाण्याच्या आधी, दोन गाण्यांमधल्या रिकाम्या वेळात, दहा-पंधरा सेकंद वाजवता आला असता. कानावर पडून राहिला असता, आणि पुढे सिंथेसायझरवर येताना ओळखीचा वाटला असता. हॅकेट यांनी स्वतः १९९६च्या ‘जेनेसिस रिव्हिजिटेड’ अल्बमवर या गाण्याची रचना बरीच हलवली. मूळ गिटारवाल्यालाच ती मोकळीक घ्यावीशी वाटली, तर पुण्यातल्या पाच जणांनी एवढं सोवळं पाळायचं कारण नव्हतं.

पट्टीचा निर्णय पहिल्याच तालमीत व्हायला हवा होता. तो तिसऱ्या आठवड्यात झाला, तोवर गिटारवाल्याने मूळ सोलो बी मायनरमध्ये घोटून घेतला होता. प्रॉगच्या गाण्यात पट्टी हलवली की त्याचा परिणाम बेसच्या मोकळ्या तारेपासून गिटारच्या शेवटच्या फ्रेटपर्यंत पोचतो, त्यामुळे गायकाला विचारूनच गाणं निवडावं.

पुढच्या कार्यक्रमासाठी ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पुन्हा यादीत आलंय. पाच मात्रांचं आणि छोटं, साडेतीन मिनिटांच्या आतलं. बासरीची ओळ या वेळी गिटारवर घेऊन बघताहेत, आणि आधीच्या बँडला किती उशीर झाला तर काय गाळायचं, हे ड्रमरने सेटलिस्टच्या मागे लिहून ठेवलंय.